खोडलेला शब्द वाचता आला पाहिजे

बाईंना मी लिहिलेले पहिले पत्र पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने गेले. त्यांचे टेबल माझ्या टेबलापासून चार फुटांवर होते. पोस्टमनने पाकीट त्यांच्या हाती दिले, पोचपावतीवर त्यांची सही घेतली आणि मान वळवून मला विचारले, "काका, ही आताच घेता का? तेवढाच माझा उद्याचा फेरा वाचेल." मी म्हणालो, "नियमाने येऊ द्या." ती नियमाने दुसऱ्या दिवशी आली. अजून माझ्याकडे आहे.

महाडला कचेरीच्या आवारात पत्र्याच्या एका निवाऱ्याखाली आम्ही दोघे बसत असू. बाई दस्तलेखक होत्या. वडिलांच्या मागे त्यांचे टेबल बाईंनी चालवायला घेतले, परवाना स्वतःच्या नावाने काढला, लग्न केले नाही आणि खरेदीखते, बक्षीसपत्रे व भाडेकरार लिहीत त्या म्हाताऱ्या झाल्या. मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला. मूळचा पोलादपूर तालुक्यातील एका बौद्धवाडीचा. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून लोकांचे अर्ज, हरकती आणि अपिले लिहून देण्यासाठी मी बाईंच्या शेजारी टेबल टाकले. माझी स्वतःची पत्रे निराळी. एस.टी.च्या आगारप्रमुखांना, वीज कंपनीला, वर्तमानपत्रांच्या संपादकांना, आंबेनळी घाटातल्या तुटक्या कठड्यांविषयी बांधकाम खात्याला मी आजवर लिहिलेल्या प्रत्येक पत्राची नोंद माझ्या खासगी जावक वहीत आहे. राग हा माझा स्वभाव आहे, हे मी नाकारीत नाही. मात्र तो मी कधी तोंडाने काढला नाही; जावक क्रमांक घालूनच काढला.

पहिल्याच दिवशी बाई उठून माझ्या टेबलापाशी आल्या. चष्मा कपाळावर सारून त्यांनी मी लिहीत असलेला अर्ज उचलला, डोळ्यांशी नेला आणि साऱ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगंबाई! अव्वल, अक्षर अगदी ब्राह्मणासारखं आहे हो तुमचं!"

त्यांना ते कौतुक वाटत होते. मी ते अक्षर उमरठच्या शाळेत पाटीवर गिरवले होते. ते माझे होते, माझ्या गुरुजींचे होते, आणि ते कोणाच्याही जातीकडून उसने आणलेले नव्हते.

इतके बोलून बाईंनी माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, झाकण काढले, तोंड लावले आणि अर्धी संपवून जागच्या जागी ठेवली. विचारले नाही. वरून ओतून घेतले नाही. पाण्याचा महाडमध्ये काय अर्थ होतो हे मी महाडकरांना सांगण्याचे कारण नाही. सत्तरीला टेकलेली ब्राह्मण आळीतली बाई माझ्या बाटलीला तोंड लावते, आणि त्याच श्वासात माझे अक्षर माझ्याकडून काढून घेते! यातली कोणती साक्ष खरी धरावी हे मला कळेना. म्हणून मी पत्र लिहिले. तीन पाने.

बाईंनी ते मोठ्याने वाचले. "‘सदर उद्गारातून आपल्या मनातील सुप्त पूर्वग्रह उघड होत असून...’ अव्वल, वाक्य चांगलं आहे." मग पेन उघडून म्हणाल्या, "बोलले का? बोलले. साक्षीला सगळं आवार आहे." आणि पत्रात मी अवतरणचिन्हांत दिलेल्या ‘ब्राह्मणासारखं’ या शब्दावर त्यांनी एक आडवी रेघ मारली आणि समासात सही केली.

हाताने लिहिलेल्या दस्ताची ही जुनी रीत आहे. चुकलेला शब्द खरवडायचा नसतो, त्यावर पांढरे लावायचे नसते, गिरवून काळा करायचा नसतो. एकच रेघ, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, आणि ज्याने खोडला त्याची शेजारी सही. काय लपवले असा संशय कोणाला येऊ नये, यासाठी ही रीत. बाईंनी ती तोंडच्या शब्दांना लावली होती.

"खोडल्याने मनातले जाते का, बाई?" मी विचारले.

"मनातलं मला काय ठाऊक? मनाची नोंद करायचा परवाना नाही माझ्याकडे. तोंडातून निघालं तेवढं खोडते."

"म्हणजे हेतू नव्हता, असे आपले म्हणणे?"

"तसं कुठं म्हटलं मी? हेतू नव्हता म्हणणारे रोज माझ्या टेबलाशी येऊन रडतात. मी नाही म्हणायची. होता की नव्हता ते तुम्ही ठरवा. तुम्ही कचेरीतले."

माझे समाधान झाले नाही, आणि तसे मी त्यांना दुसऱ्या पत्राने कळवले.

बाईंच्या जिभेला आडकाठी अशी नव्हतीच. माणूस समोर येण्याआधी त्याचा रंग, उंची, गाव आणि जात त्यांच्या तोंडून बाहेर पडे. शिवथरचा एक शेतकरी वारसनोंदीच्या कामासाठी येई. त्याला दुरून पाहताच बाई ओरडत, "आलास का रे घळीतून, अस्वला?" तो डोक्याचे मुंडासे काढून खांबाला टेके आणि म्हणे, "आलो गो बाय. कागुद तुझ्याकडं हाय म्हणून येतो. नायतर तुझं तोंड बघायला कोन खुळा येतोय?" मग दोघे हसत. पण सगळे हसत नसत. एका सावळ्या शिक्षिकेला बाई रंगावरून काही बोलल्या. भान येताच त्यांनी नेहमीप्रमाणे चिठ्ठीवर तो शब्द लिहिला, रेघ मारली, सही केली आणि चिठ्ठी पुढे केली. शिक्षिकेने ती त्यांच्या डोळ्यांदेखत फाडली. बाई म्हणाल्या, "फाडायचा हक्क तिचा आहे. माझा नाही."

एका बाबतीत मात्र बाई कधी चुकल्या नाहीत. पक्षकाराचे नाव. ते त्या तीनदा विचारत, कागदाच्या तुकड्यावर लिहून त्याला दाखवत, आणि मगच दस्तात उतरवत. "नाव चुकलं तर दस्त मेला," असे त्या म्हणत. महापुराचे पाणी कचेरीच्या भिंतीवर जिथवर चढले होते, तिथे चिखलाची रेषा अजून आहे. त्या रेषेच्या वर वीतभर त्यांनी फळी ठोकून घेतली होती. फळीवर दस्तांच्या प्रती असत. त्यांच्या शेजारी एका वेगळ्या फाईलमध्ये माझी त्यांच्याविरुद्धची सगळी पत्रे असत. ती फाईल फळीवर आहे हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षे लागली. मी ज्यांना ज्यांना पत्रे लिहिली, त्यांपैकी ती पुराच्या वर ठेवणाऱ्या त्या एकट्याच.

आता ज्या दिवसासाठी मी हे लिहितो आहे, त्या दिवसाविषयी.

पोलादपूरला राहणारे एक निवृत्त गृहस्थ भाडेकरार करायला आले. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला त्यांची एक खोली होती. बरोबर त्यांची होऊ घातलेली भाडेकरू होती: मिझोरामहून आलेली, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नुकतीच रुजू झालेली एक तरुण रसायनतज्ज्ञ. कंपनीचे अतिथीगृह तिला दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायचे होते, आणि याआधी महाडमधल्या तीन घरमालकांनी तिला दारातूनच परत पाठवले होते. हे सारे मला नंतर कळले. वास्तविक तेव्हाच कळायला हवे होते, कारण आपली सगळी कागदपत्रे पाकिटात घालून तिने टेबलावर ठेवली होती.

ती बाकावर बसते न बसते तोच बाई म्हणाल्या, "अगंबाई, ही चिनी बाहुली कुठून आली आमच्या महाडात?"

ती हसली. असे हसू ज्याला हसावे लागले आहे, त्यालाच ते ओळखता येते. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी ते पुष्कळदा हसलो होतो.

मी उभा राहिलो. "बाई! हा उद्गार वांशिक आहे. मी यावर लेखी हरकत घेणार आहे."

"घ्या की. फक्त हातात द्या, टपाल कशाला?" असे म्हणता म्हणता बाईंनी चिठ्ठी लिहून, रेघ मारून, सही करून मुलीपुढे सरकवलीही होती.

मुलीने ती वाचली. "ये क्या है, आंटी?"

"माझी चूक आहे, बाळ. बोलले, ते खोडलं. खाली सही आहे."

 मुलगी शांतपणे म्हणाली, "आप पहले बोलती हो, फिर काटती हो. मुझे तो दो बार सुनना पड़ता है ना?" आणि तिने चिठ्ठी टेबलावर परत ठेवली.

बाईंनी कोरा तुकडा पुढे ओढला. मान खाली घालून त्यांनी तिचे नाव विचारले, तुकड्यावर लिहिले, तिला दाखवले, दोनदा दुरुस्त केले आणि करार लिहायला घेतला. मुलगी आधार कार्डाची प्रत पाकिटात ठेवून बाकीच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला गेली.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देण्याचा नमुना मालकांसाठी मी भरीत होतो. माझे चित्त त्या नमुन्यात नव्हते. बाईंना पाठवायच्या पत्राची पहिली दोन वाक्ये माझ्या मनात जुळून आली होती. तिसरे अडत होते. ‘चेहऱ्यावरून माणसाचा देश ठरविण्याची ही वृत्ती’ असे काहीसे ते होते. हात आपसूक चालत होता. नमुना पुरा करून मी मालकांपुढे सहीला ठेवला.

मालकांनी तो वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. "देश नेपाळ? ही परदेशी आहे? मला कुणी बोललं नाही. अहो, माझा मुलगा सरकारी नोकरीत आहे. नाय, नाय, हे झेंगट मला नको."

आणि मी काय केले? मी मालकांना कायदा ऐकवला. परदेशी नागरिकासही खोली भाड्याने देता येते, केवळ निराळा नमुना भरावा लागतो, आणि त्या कारणास्तव नकार देणे अशोभनीय आहे, हे मी चढ्या आवाजात, मुद्देसूद सांगितले. मला स्वतःचा अभिमान वाटत होता. मालकांनी किल्ली खिशात टाकली आणि ते पोलादपूरची गाडी धरायला स्टँडकडे निघून गेले.

बाईंनी पाकीट उघडले. आधार कार्डाची प्रत काढून माझ्या नमुन्याशेजारी ठेवली आणि त्यावर बोट टेकवले. मी वाचले. ऐजॉल, मिझोराम.

"मी तोंडाने बोलले, अव्वल," बाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. "तुम्ही रकान्यात भरलंत."

मी नमुना उचलला. तो फाडणार, तोच त्यांनी त्यावर तळहात ठेवला.

"फाडायचं नाही."

"दुसरा भरतो, बाई. दोन मिनिटांचे काम आहे."

"ते तुमच्या सोयीचं. मालकांनी वाचलं ते ह्यात. खोडलेलंही त्यांना ह्यातच दिसलं पाहिजे."

मी ‘नेपाळ’वर एक रेघ मारली. वर ‘भारत’ लिहिले. समासात सही केली. ज्या अक्षरासाठी मी तीन पाने लिहिली होती, त्याच अक्षरात.

"कारण?" बाईंनी विचारले.

"कारण लिहिण्याची रीत नाही."

"शब्द चुकला तर नाही. माणसाचा देश चुकवलात, तर लिहावं लागेल."

माझ्या सेवापुस्तकात एकही प्रतिकूल शेरा नाही. मी पेनाला टोपण लावले. बाई थांबल्या. घाई केली नाही, उपदेश केला नाही, टोमणा तर मुळीच मारला नाही. अखेर मी लिहिले: ‘मूळ कागद न पाहता, चेहरा पाहून लिहिले.’ आयुष्यातला पहिला प्रतिकूल शेरा मी स्वतःवर, स्वतःच्या हाताने लिहिला.

मुलगी परत आली तेव्हा तिच्या हातात कोमट झेरॉक्स होत्या आणि मालकांची खुर्ची रिकामी होती. घडलेले मी तिला उभा राहून सांगितले व नमुना दाखवला. तिने सावकाश वाचला. ती रागावली असती तर मला सोसायला सोपे गेले असते. ती इतकेच म्हणाली, "कल सुबह मुझे रूम छोड़ना है, अंकल."

बाईंनी टेबलावर फडके टाकले. कचेरी चालू असताना त्यांनी टेबल झाकलेले कोणी पाहिले नव्हते. आम्ही तिघे रिक्षाने पोलादपूरला गेलो. 

मालक ओटीवर चहा घेत होते. आम्हाला पाहून गडबडले. "बाई, तुम्ही कशाला आलात? पण मी म्हणतो, दिसायला तर ही..."

"दिसायला मी म्हैस दिसते," बाई म्हणाल्या. "म्हणून गोठ्यात बांधाल का मला?"

आत मालकांची पत्नी हसल्याचे ऐकू आले. मी नमुना मालकांच्या हातात दिला. त्यांनी खोडलेला शब्द वाचला, वरचा वाचला, आणि मग कारण वाचले. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"तुम्ही कचेरीतले माणूस," ते म्हणाले. "तुम्ही लिहिलंत, म्हणून मी खरं धरलं."

 बाई बोलत तेव्हा लोक हसत, चिडत, चिठ्ठ्या फाडत. पण त्यांच्या बोलण्याला कोणी पुरावा मानीत नसे. माझ्या लिहिण्याला मानीत.

आतून मालकांची पत्नी बाहेर आली. "आवो, द्या ना ती चावी. पोर कवाधरनं दारात उभी हाय, दिसत नाय का तुमाला?" मालकांनी खिशातून किल्ली काढली, मुलीपुढे धरली, आणि ओशाळून म्हणाले, "बस ना, बाळ. चहा घे."

मुलीने किल्ली घेतली. बसली नाही. नमुन्याकडे बोट करून मला म्हणाली, "अंकल, इसकी एक कॉपी मुझे चाहिए."

"ती कशाला?" मालकांनी विचारले.

"अगली बार कोई पूछेगा, तो दिखाऊँगी. इसमें लिखा हुआ है कि क्यों हुआ."

परतीच्या वाटेवर बाई म्हणाल्या, "माझी चिठ्ठी नाही घेतली तिने. तुमचा कागद मागून घेतला."

"माझी चूक मोठी होती, बाई."

"म्हणून नाही. तुम्ही कारण लिहिलंत. मी आजवर रेघाच मारत आले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवारात पोहोचलो तेव्हा फळीवरची फाईल खाली आलेली होती. माझे पहिले पत्र बाईंनी माझ्या टेबलावर उघडून ठेवले होते. ‘ब्राह्मणासारखं’वरची ती जुनी रेघ, समासातली ती जुनी सही, आणि तिच्याखाली नव्या शाईत एक ओळ: ‘कारण: चांगलं अक्षर आमच्याच घरात असतं, असं मला वाटत होतं.’

मनाची नोंद करायचा परवाना नाही म्हणणाऱ्या बाईंनी ती नोंद केली होती. माझ्या तीन पानांत मी जे सिद्ध करू पाहत होतो, ते त्यांनी एका ओळीत मान्य केले होते, आणि कोणी विचारलेले नसताना. सहज निसटलेल्या शब्दामागे काही असते का, यावर मी संपादकांना पुष्कळ लिहिले आहे. माझे आजचे मत असे की असते. पण ते काय आहे हे ऐकणाऱ्याने कितीही पाने लिहिली तरी कळत नाही. ज्याचा शब्द त्यालाच पेन उघडावे लागते. मी त्या सकाळी बाईंचे आभार मानायला हवे होते. मी बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. त्या प्याल्या. त्यांची बाटली उचलून मीही प्यालो.

बाई सुधारल्या असे मी म्हणणार नाही. ती खोटी साक्ष होईल. शिवथरचा शेतकरी शेवटपर्यंत अस्वलच राहिला. पण त्यानंतरच्या प्रत्येक चिठ्ठीवर रेघेखाली कारण असे, आणि ती कारणे वाचायला सोपी नसत. अकरा महिन्यांनी ती मुलगी करार नवा करायला आली. बाईंनी तिला तिच्या पूर्ण नावाने, एकही अक्षर न चुकवता हाक मारली. आणि पाचच मिनिटांत तिच्या डब्यातल्या जेवणावरून काहीतरी बोलल्या. मुलीने चिठ्ठ्यांचा गठ्ठा स्वतःच त्यांच्यापुढे सरकवला. "लिखिए, आंटी. कारण भी." त्या दिवशी आम्ही तिघेही हसलो. ती चिठ्ठी तिने नेली.

बाई जाऊन आता वर्ष होत आले. त्यांच्या फाईलीतली माझी पत्रे त्यांच्या भाचीने मला आणून दिली. निवाऱ्याखाली आता मी एकटा बसतो, आणि रागाची पत्रे अजून लिहितो. फरक इतकाच की प्रत्येक पत्र पाकिटात घालण्यापूर्वी मी मूळ कागद एकदा उघडून पाहतो. मला हे शिकवणारी व्यक्ती मला माझ्या वयाच्या साठीनंतर भेटली, हे मी माझे भाग्य समजतो.

या लेखाच्या पहिल्या मसुद्यात, अगदी आरंभी, मी एक वाक्य लिहिले होते: ‘ब्राह्मण असूनही बाई मनाने मोकळ्या होत्या.’ लिहून झाल्यावर ते मला फार आवडले होते. तिसऱ्यांदा वाचताना ते मला ऐकू आले. संपादकांस विनंती की त्यांनी ते गाळू नये. त्यावर मी एक आडवी रेघ मारली आहे, खालचा शब्द वाचता येतो, समासात सही आहे. सहीखाली लिहिले आहे: कारण, माणूस न पाहता, आळी पाहून लिहिले.